टॉप मॉडेलचा रस्ता

दिल्लीतल्या द्वारकेच्या राजारामांनी साडूला फोनवर एक थाप मारून ठेवली होती. "आपणही तुमच्यासारखं टॉप मॉडेलच घेतलं, बळवंतराव. रस्ता दाखवणारा स्क्रीन कंपनीतूनच बसवून येतो." गाडी होती सगळ्यात खालच्या मॉडेलची. आता बळवंतराव नागपूरहून खरंच येणार म्हटल्यावर राजारामांची धावपळ उडाली. मोडीत निघालेल्या एका टॉप मॉडेलमधला अस्सल कंपनीचा स्क्रीन त्यांनी मिळवला आणि मेकॅनिककडून आपल्या गाडीत बसवून घेतला.

"सर, पुराना डेटा उड़ा दूँ?" मेकॅनिकनं विचारलं.

राजारामांची उभी हयात सरकारी कचेरीत गेलेली. ते दचकलेच. "बिल्कुल नहीं! पुराना रेकॉर्ड बिना मंज़ूरी के नष्ट नहीं करते!"

विमानतळावर बळवंतराव ऐसपैस पुढच्या सीटवर बसले. त्यांची बायको क्रांती आधीच द्वारकेला, आपल्या बहिणीकडे म्हणजे राजारामांच्या प्रेमलाबाईंकडे, येऊन राहिली होती. राजारामांनी ऐटीत स्क्रीनवरचं 'घर' दाबलं.

"आगे से दाएँ मुड़िए," स्क्रीनमधली बाई म्हणाली.

द्वारका नेमकी उलट्या बाजूला, हे राजारामांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण साडूसमोर कंपनीच्या बाईला खोटं कसं पाडायचं? ते मुकाट उजवीकडे वळले.

"द्वारका विमानतळाला लागूनच आहे ना?" बळवंतरावांनी विचारलं.

"हा नवा रस्ता. ट्रॅफिक वाचतं यार."

बऱ्याच वेळानं पूल आला. "ही कोणती नदी?"

"यमुना."

"द्वारकेला जाताना लागते?"

"या रस्त्यानं लागते," राजाराम घाम पुसत म्हणाले.

नोएडातल्या एका बंगल्यासमोर बाई गोड आवाजात म्हणाली, "आप अपने घर पहुँच गए हैं." फाटकावरचा गार्ड पुढे आला. "किससे मिलना है?"

"राजारामजी, तुमचा गार्ड तुम्हालाच ओळखत नाही?"

तेवढ्यात फोन वाजला. राजारामांनी घाईघाईत स्क्रीनवरच हिरवं बटण दाबलं आणि प्रेमलाबाई गाडीभर कडाडल्या. "अहो, आहात कुठे? पाटवड्यांचा रश्श्यात लगदा झाला! मी म्हटलं होतं, ते भंगारातलं मशीन बसवू नका. आपली साधी गाडी काय वाईट होती?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं राजारामांना झालं. बळवंतराव खाकरले.

"त्या मेकॅनिकचा पत्ता द्याल?"

"तुम्हाला कशाला? तुमची तर टॉप मॉडेल!"

"कसली टॉप! साधीच आहे. स्क्रीन कंपनीतून यायचाय, असं सांगून क्रांतीला वर्षभर थोपवलंय."

राजारामांचा जीव भांड्यात पडला. साडूबद्दल इतकं प्रेम त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं. "चलो, उद्याच जाऊ! फक्त जुनं रेकॉर्ड आधी उडवायला सांगा. मंजुरीच्या भानगडीत पडू नका."

"मंजुरी? ती कोणाची?"

फोन अजून चालूच होता.

"माझी!" गाडीभर क्रांतीचा आवाज घुमला.