जर्मनीतून दिसणारी टाकी

आमच्या हर्सूलच्या गल्लीत नळाला पाणी आलं, की ते आधी जर्मनीत कळतं. शेजारच्या सुमनवहिनींचा प्रमोद तिथं एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो आणि उरलेल्या वेळात माझ्यावर ओरडतो.

दुष्काळ पडला, तरी गावाबाहेर इमारती उठतच राहिल्या आणि आमचा नळ मनात येईल तेव्हा यायला लागला. प्रमोदनं सुट्टीत येऊन आईच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी मोजणारं यंत्र बसवलं. पाणी खाली गेलं की तिकडं याच्या मोबाइलवर घंटी. "बॅकअप कुठंय?" हा त्याचा मंत्र. दोन टाक्या झाल्या, दोन मोटारी झाल्या. माझ्या चष्म्यालासुद्धा त्यानं जोडीदार घ्यायला लावला.

घंटी वाजली की फोन मला. "काका, आईची टाकी रिकामी दिसतीय! दिवसभर करता काय तुम्ही लोकं? वर जाऊन बघा!"

मी गुडघे धरत जिना चढायचो. टाकी काठोकाठ. यंत्राची वायर तेवढी निघालेली. ती खोचून खाली येईतो मायलेकांचं फोनवर जुंपलेलं असायचं. "व्हय रे, तिकडं बसून मला नको शिकवू!" वहिनींचा आवाज कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत जायचा. मी मनात चरफडायचो. सर्व्हर सांभाळतो म्हणे! साधी वायर बसवता येत नाही.

परवा आमच्या गच्चीत मिरच्या वाळत घालायला गेलो, तर पलीकडं वहिनी स्वतःच वायर उपटत होत्या.

"वहिनी!"

त्या दचकल्या. "त्याला सांगू नका भाऊजी. एरवी 'बरी हायेस ना' इचारतो अन् ठिवतो. टाकीवरून लई बोलतो."

माझं टाळकंच सटकलं. माझ्या गुडघ्यांचा खेळ मांडला होता! खाली येऊन तडक प्रमोदला फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं.

"माहितीय काका," तो म्हणाला. "टाकी रिकामी झालेली वेगळी दिसते, वायर निघालेली वेगळी."

"मग मला कशाला जिना चढवतोस, गाढवा?"

"एरवी ती नुसतं 'बरंय, बरंय' करती. भांडताना कसा खणखणीत आवाज असतो तिचा." वर म्हणाला, "अन् तुम्ही वायर परत खोचली नाय, तर पुढच्या वेळी ती काढंल काय?"

मी फोन ठेवला. गुडघे धरत वहिनींच्या गच्चीवर गेलो आणि वायर खोचली. जरा सैलच ठेवली, त्यांच्या हाताला त्रास नको.