काळ्या गाडीने आभार मानले नाहीत

इनागाकी आजोबांनी आपला छोटा पांढरा ट्रक थांबवून त्या काळ्या गाडीला वाट दिली आणि तिने आभार मानले नाहीत. झालं ते एवढंच. पुढचं सगळं, म्हणजे विळा, पोलीस आणि वृद्धाश्रमाच्या दारातली गर्दी, त्या एका गोष्टीतून निघालं.

त्या खोऱ्यात वाट मिळालेली गाडी पुढे गेल्यावर मागचे पिवळे दिवे दोनदा लुकलुकवते. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही. पण दिवे न लुकलुकवणारा माणूस आणि अंग न धुता गरम पाण्याच्या सामाईक कुंडात उतरणारा माणूस यांना आजोबा एकाच रांगेत उभं करत.

गाड्यांच्या बाबतीत त्यांचा अभ्यास जुना होता. सगळा जन्म त्यांनी झऱ्याकाठच्या एका सरायीत कारभारी म्हणून काढला. पाहुणा आला की अंगणात जाऊन स्वागत करायचं आणि निघाला की कमरेत वाकून, त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत तसंच राहायचं, हे त्यांचं काम. फाटकातून गाडी वळली की आतला माणूस त्यांना कळायचा. चंदेरी हायब्रिड म्हणजे निवृत्त मास्तर, नाश्ता भाड्यात धरलाय का हे तीनदा विचारणार. लाल, बुटकी गाडी म्हणजे जोडपं, जेवणाआधीच भांडणार. आणि उंच, काळी, काळ्या काचांची व्हॅन म्हणजे सकाळी टॉवेल मोजून घ्यायचे.

त्याच सरायीत वाढपाचं काम करणाऱ्या त्यांच्या बायकोला, तोमिएला, हे शास्त्र मान्य नव्हतं. "गाडीवरून काय कळतंय? गाडी बँकेची असते," ती म्हणायची. "दारात चपला कशा काढून ठेवल्यात ते बघावं माणसानं."

ती तोमिए आता खाली गावातल्या वृद्धाश्रमात होती. झटका आल्यापासून डावा पाय साथ देत नव्हता, जीभ मात्र शाबूत होती. आजोबा रोज दुपारच्या जेवणाआधी तिच्याकडे जात, कारण तिथलं जेवण अळणी असतं आणि घरच्या बरणीतल्या खारवलेल्या आलुबुखाराशिवाय तिला भात घशाखाली उतरत नाही. आश्रमवाल्यांना बरणीचं माहीत नव्हतं. माहीत होतं, पण ते तसं दाखवत नव्हते.

त्यांच्या वरच्या गावाची बस कधीच बंद झाली होती. ट्रक होता म्हणून तोमिए होती. आणि हे ठाऊक असूनही त्यांच्या मुलीनं, चिसातोनं, ट्रकच्या काचेवर कॅमेरा बसवताना त्यांच्याकडून शब्द घेतला होता. "बाबा, एक तक्रार. एकच. ती आली की लायसन्स परत करायचं. रोज पेपरात वाचते मी म्हाताऱ्यांच्या अपघातांचं." आजोबांनी शब्द दिला होता, कारण आपल्याविरुद्ध कोण तक्रार करणार?

तर त्या मंगळवारी काळी व्हॅन पेट्रोल पंपातून बाहेर यायला बघत होती. कोणी थांबत नव्हतं. आजोबा थांबले. व्हॅन पुढे घुसली, तिच्या मागून आजोबा निघाले आणि दिव्यांची वाट बघू लागले. दिवे काही लागले नाहीत.

"राहिलं असेल," ते स्वतःशी म्हणाले आणि त्याला आठवण व्हावी म्हणून थोडे जवळ गेले. मग आणखी थोडे. मग हेडलाइटची एकदा उघडझाप केली, अगदी सौम्यपणे, जसं विसराळू पाहुण्याला छत्री राहिल्याचं सांगावं.

व्हॅननं वेग वाढवला. आजोबांचा ट्रक कुरकुरला, पण त्यानंही वाढवला. मग म्हातारबुवांना पुढे जाऊ द्यावं म्हणून व्हॅन हळू झाली. आजोबांना वाटलं, आता हा मुद्दाम छळतोय. तेही हळू झाले. मागे गाड्यांची रांग लागली आणि आजोबा काचेकडे बघून बोलत राहिले. काय बोलत राहिले ते पुढे येईलच.

नदीच्या पुलापाशी व्हॅन एका दुकानाच्या आवारात वळली. आता योगायोग म्हणा, पण आजोबांनाही तिथेच थांबायचं होतं. तोमिएचं पुडिंग ते रोज त्याच दुकानातून घेत. जागा एकच रिकामी होती, नेमकी व्हॅनच्या शेजारी.

उतरल्यावर त्यांनी आधी मागे जाऊन बरणी पाहिली. गवत कापायचा विळा घसरून तिच्यावर पडला होता. तो त्यांनी उचलला. बरणी ठीक होती. तेवढ्यात त्यांच्या मनात आलं की रागावण्यापेक्षा सरळ विचारावं. माझं काही चुकलं का, असं नम्रपणे विचारावं. आणि ते व्हॅनच्या खिडकीकडे निघाले. हातात विळा आहे हे विसरून.

आतून सगळी कुलुपं एकदम खटकन लागली. पुढच्या क्षणाला व्हॅन मागे सरकली, वळली आणि धूळ उडवत निघून गेली.

"बघा," आजोबा विळ्याकडे न बघता म्हणाले. "साधं बोलायचीसुद्धा तयारी नाही."

त्यांनी पुडिंग घेतलं, विळा जागेवर ठेवला आणि निघाले. वृद्धाश्रमाच्या फाटकातून आत वळताना त्यांना दारात तीच काळी व्हॅन दिसली. तिच्याशेजारी पोलिसांची गाडी होती. तिच्यापलीकडे सहा-सात म्हाताऱ्या चाकांच्या खुर्च्यांवर पुढे येऊन बसल्या होत्या, कारण त्या दारात इतकं रंगतदार काही कितीतरी दिवसांत घडलं नव्हतं.

व्हॅनवाला तिशीतला होता. केस पिवळे रंगवलेले, मान बैलासारखी, आणि तो हवालदाराच्या पाठीमागे उभा होता. "हेच ते," तो हवालदाराला म्हणाला. "हेच आजोबा. विळा मागे आहे यांच्या. तुम्ही फोनवर म्हणालात माणसं असतील तिथे जा, म्हणून मी इथे आलो. तसंही माझं काम इथेच आहे."

"कसलं काम?" आजोबांनी विचारलं.

"केस कापायचं. मी न्हावी आहे, आश्रमांत जाऊन कापतो. कुरामोची म्हणतात मला."

हवालदार आराकावा आजोबांना ओळखत होता. म्हणूनच त्याचा चेहरा पडला होता. "आजोबा, मागून गाडी अंगावर नेणं हा साधा गुन्हा नाही हो आता. यांनी तक्रार लिहून दिली तर लायसन्स जातं. तुम्ही पाठलाग केलात का यांचा?"

"पाठलाग नाही केला. वाट बघत होतो."

"कशाची?"

"आभारांची," आजोबा म्हणाले, आणि मोठ्यानं बोलल्यावर ते त्यांना स्वतःलाच फार लहान वाटलं. वरच्या मजल्यावरची चौथी खिडकी तोमिएची. तिथे आता ताट वाढलं असेल. उद्या कोण बरणी आणणार?

दोन्ही गाड्यांत कॅमेरे होते. आराकावानं दोन्ही लावले. कॅमेऱ्यांना आवाजही होता, हे आजोबांना ठाऊक नव्हतं. कुरामोचीलाही आठवलं नव्हतं.

"काळी व्हॅन," आजोबांचा आवाज घुमला, "काळी व्हॅन म्हणजे दुसऱ्याचा टॉवेल. शाळेत हा पोरांचे डबे खात असणार. आईबापांना फोन करत नसणार."

मग कुरामोचीचा आवाज आला. "अगं आई, पांढरा ट्रक लागलाय मागे. म्हातारा आहे. पांढऱ्या ट्रकवाल्यांना ब्रेक कुठला ते कळत नाही, आणि कळलं तरी दाबत नाहीत, रस्ता यांच्या आजोबांचा. आई, त्यानं विळा काढला. आई, मी ठेवतो फोन."

एक म्हातारी खुदकन हसली. कुरामोची कानापर्यंत लाल झाला. "आईशी बोलत होतास?" आजोबांनी हळूच विचारलं.

"सकाळी रोज बोलतो, स्पीकरवर."

डब्यांचं माहीत नाही, पण फोनचं तरी आजोबांचं चुकलं होतं.

आराकावानं ट्रकच्या कॅमेऱ्यातलं चित्र मागे नेलं. पेट्रोल पंप आला. ट्रक थांबला, व्हॅन पुढे घुसली. आणि व्हॅनचे पिवळे दिवे लागले. एकदा, दोनदा, आणि थांबून तिसऱ्यांदाही.

"तीनदा," कुरामोची म्हणाला. "कोणीच थांबत नव्हतं ना. मला फार बरं वाटलं होतं."

"पण मी पाहिलं नाही," आजोबा म्हणाले. "मी तर मागेच होतो. माझे डोळे कुठे होते?"

चिसातोनं आतल्या बाजूचाही कॅमेरा लावला होता. आराकावानं तो उघडला. पडद्यावर आजोबा होते, किंवा त्यांच्या टोपीचा शेंडा होता. थांबलेल्या ट्रकमध्ये, दोन्ही हात मांडीवर ठेवून, कपाळ जवळजवळ स्टिअरिंगला टेकवून ते वाकले होते. व्हॅन रस्त्यावर येईपर्यंत वाकले होते. ती पुढे जाऊन आभार मानून मोकळी होईपर्यंत वाकलेलेच होते.

मग आराकावानं खाकरून विचारलं, "आजोबा, तुम्हाला कोणी वाट दिली तर तुम्ही दिवे लावता ना?"

"मी मान लववतो."

"पुढे गेल्यावर? मागच्याला ती दिसते?"

आजोबांनी ट्रककडे पाहिलं. मागच्या काचेला टेकून गवताचे भारे रचलेले होते. इतक्या वर्षांत आपल्याला वाट देऊन मागे राहिलेले किती जण आपल्याला काय काय म्हणाले असतील, ते त्यांना एकदम ऐकू येऊ लागलं.

"तक्रार लिहायची का?" आराकावानं कुरामोचीला विचारलं.

"कसली तक्रार?" तो म्हणाला. "मला कोणी एवढं वाकून वाट दिली नव्हती कधी." आणि डोळे पुसून तो सामान घेऊन आत गेला.

मागोमाग आजोबा आत शिरले आणि उंबऱ्याशी थबकले. कुरामोचीचे भलेमोठे बूट जोडीनं, टाचा आतल्या बाजूला करून, कडेला ठेवलेले होते. शेजारच्या विस्कटलेल्या सपाताही त्यानं सरळ केल्या होत्या.

तोमिएनं सगळं खिडकीतून पाहिलं होतं. "विळा घेऊन कुठे निघाला होतात, अहो?" तिनं विचारलं, आणि केस कापून होईपर्यंत तेवढंच ती वेगवेगळ्या प्रकारे विचारत राहिली. आलुबुखार तिनं एक कुरामोचीलाही दिला.

रविवारी चिसातो आली. आजोबांनी काही लपवलं नाही, तिनंही सगळं आवाजासकट पाहिलं. बराच वेळ ती वाकलेल्या टोपीकडे बघत बसली. "शब्द तक्रारीचा होता," शेवटी ती म्हणाली. "तक्रार झालेली नाही. पण मंगळवारी तुम्ही त्या न्हाव्याबरोबर जायचं. तो वरच्या गावावरूनच येतो, मी बोललेय त्याच्याशी. आणि वसंतात डोळे तपासायचे. कबूल?" आजोबांनी कबूल केलं. अजून सगळं सुटलं नव्हतं, पण उद्याच्या बरणीचा प्रश्न सुटला होता.

पुढच्या मंगळवारी ते काळ्या व्हॅनच्या उंच सीटवर बरणी मांडीवर घेऊन बसले. वरून रस्ता वेगळाच दिसत होता. त्यांना पाहून लोक गाड्या अंग चोरून कडेला घेत, एकजण तर घाईघाईनं काच वर करताना दिसला. कुरामोचीला याची सवय असावी.

पुलाअलीकडच्या फाट्यावर एक छोटा पांढरा ट्रक वाट बघत होता. कुरामोची थांबला. ट्रक रस्त्यावर आला, पुढे गेला, आणि त्याचे दिवे काही लागले नाहीत.

"पाहिलंस?" आजोबा म्हणाले. "हे ट्रकवाले म्हातारे म्हणजे..."

"वाकले असतील," कुरामोची म्हणाला.

आजोबांनी पुढे पाहिलं. ट्रकची मागची काच कोबीच्या खोक्यांनी पुरती झाकलेली होती, आतलं काहीच दिसत नव्हतं. तरी त्यांनी बरणी नीट धरली, पट्टा ताणून मान खाली घातली आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत वर काढली नाही.