अजबखान्यातलं फुकट गाणं

"फुकट गानं?" वांग्यांच्या पाट्या गाडीत ठेवता ठेवता गेणबा थबकले. "कोन देतंय? आन का देतंय?"

"आता मला काय ठावं!" त्यांची बायको कौसल्या म्हणाली. "बारामतीच्या अजबखान्यात हाय म्हनं. बाजार झाला की जाऊ, ऐकू आन येऊ."

गेणबांच्या कपाळाला आठी पडली. दोन वर्षांपूर्वी काटेवाडीच्या शाळेत असेच फुकट गूळ-फुटाणे वाटले होते. सगळं गाव जमलं आणि मग दाराआडून देवी डॉक्टर निघाला, देवीची लस टोचायला. गेणबा मागच्या भिंतीवरून उडी टाकून जे उसात शिरले, ते दिवस मावळेपर्यंत बाहेर आले नाहीत. एरवी पाटलाशी छाती काढून बोलणारा हा माणूस, पण सुई दिसली की वाट फुटेल तिकडं पळत सुटे. पन्नाशी आली तरी त्यांनी सुईला अंगाला शिवू दिलं नव्हतं, आणि पुढेही देणार नव्हते.

"ह्यात टोचाटोची हाय बघ," ते म्हणाले. पण सरकारनं या खेपेला काय शक्कल काढलीय, हे पाहिल्याशिवाय त्यांना घास गोड लागला नसता. म्हणून गेले.

अजबखाना म्हणजे निवृत्त हेडमास्तर मोहनरावांचा दिवाणखाना. गंजक्या तलवारी, कुणाकुणाच्या शेतात निघालेल्या मूर्ती आणि नीरेतली एक पेंढा भरलेली सुसर, एवढा संग्रह. बाजाराच्या दिवशी चार वाजता तिथं नव्या पोरापोरींचं शास्त्रोक्त गाणं ठेवायची मोहनरावांना हौस. आजवर श्रोते दोनच, मोहनराव आणि सुसर. त्यामुळे गेणबा दिसताच त्यांना भरून आलं.

"या, या! हात पुढं करा," असं म्हणत त्यांनी अत्तराचा बोळा गेणबांच्या मनगटावर फिरवला. मनगट गार पडलं. गेणबांनी डोळे घट्ट मिटले.

"झालं?"

"झालं की. बसा आता."

रक्त नाही, दुखणं नाही, वर घमघमाट! ही नवी लस असणार, सरकार सुधारलं, हे गेणबांनी तिथल्या तिथं ओळखलं आणि ते निवांत मांडी घालून बसले. समोर इंदापूरची विजयमाला, सोळा वर्षांची पोर, गात होती. एकच ओळ धरून ती अर्धा तास फिरत राहिली. "वाट चुकलीय पोरगी," गेणबा कुजबुजले. पण कुठं कुठं भटकून ती नेमकी तबल्याच्या ठोक्यावर जागेवर यायची. कशी येते, हे काही केल्या त्यांना उमजेना.

गावात मात्र बातमी गेली ती दुसरीच. "आमचं टोचून झालं! सुई न्हाय, काय न्हाय, निसतं पुसत्यात!"

पुढच्या बाजारी काटेवाडीच्या अकरा गाड्या अजबखान्यापुढं येऊन थांबल्या. शेजारच्या दत्तोबानं दोन्ही हात पुढं केले. "मास्तर, यकावर भागंल का?" बायांनी तान्ही पोरं पुढं केली. अत्तराची कुपी संपली. "काटेवाडीत केवढी ही रसिकता!" म्हणून मोहनरावांनी डोळे पुसले आणि नवी कुपी मागवली.

आठवड्यात देवी डॉक्टर काटेवाडीत आला, तर जो तो त्याच्या नाकाशी मनगट नेऊ लागला. "आमचं झालंय!"

"कुठं?"

"अजबखान्यात."

डॉक्टर रागावला नाही. दहा वर्षं तो माणसांमागं उसात धावत होता. इथं माणसं आपल्या पायांनी येऊन हात पुढं करत होती. तो तडक मोहनरावांकडं गेला. माणसं कशासाठी येतात हे कळल्यावर मोहनरावांचा चेहरा उतरला. कसंबसं ते म्हणाले, "गाणं संपल्यावर काय ते करा."

तिसऱ्या बाजारी विजयमालाचं गाणं ऐन रंगात असताना सुसरीमागं लपवलेली डॉक्टरची सुयांची कातडी पेटी दत्तोबाच्या नजरेस पडली.

"आरं, देवी डाक्तर!"

दार पुरेना म्हणून माणसं खिडक्यांतून गेली. कौसल्याही गेली. विजयमालाचे डोळे मिटलेले होते, तिला काहीच कळलं नाही. गेणबांनीही एक पाय खिडकीवर टाकला होता. तेवढ्यात पोरगी आजवर गेली नव्हती इतकी वर चढली. आता ही परत कशी येणार? गेणबांचा पाय तसाच राहिला. मग तो खाली आला, आणि गेणबा होते तिथंच बसले.

हाती लागलेला हा एकटा गडी निसटू नये म्हणून डॉक्टरनं गाणं संपायची वाट न पाहता त्यांचा दंड धरला. "आबा, थोडं दुखेल हं."

"टोच रं बाबा, पन गप टोच. ती माघारी कुठनं येती ते बघू दे."

ती आली, अगदी ठोक्यावर. गेणबांनी मोकळ्या हातानं मांडीवर थाप मारली आणि मग दंडाकडं पाहिलं.

"आवो, तुमचंच खरं निघालं! टोचाटोचीच हाय ही!" कौसल्या खिडकीबाहेरून ओरडली. "मग तुमी का बसला?"

दुसऱ्या, न टोचलेल्या हाताची बाही सारखी करत गेणबा मोहनरावांजवळ गेले.

"मास्तर, म्होरल्या बाजारी बी हाय न्हवं गानं?"

"आहे की. पण ऐकायला येणार कोण?"

"मी येतो," गेणबा म्हणाले. "ह्यो दुसरा दंड हाय की आजून."