बर्फवाल्या मालकिणीची तालीम

आपला जन्म खलनायिका व्हायलाच झाला होता, मध्ये दात आडवे आले, याबद्दल डॉक्टरीणबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती!

बाई दातांच्या डॉक्टर. हात हलका, स्वभाव लोण्याहून मऊ आणि आवाज त्याहून मऊ. "रोज दोनदा दात घासायचे हं," असं त्या सांगत. पेशंट प्रेमाने मान डोलवत आणि सहा महिन्यांनी तेच किडके दात घेऊन तितक्याच प्रेमाने परत येत. बावीस वर्षांत त्यांना एकही माणूस घाबरला नव्हता. दातांच्या डॉक्टरला याहून मोठा अपमान कोणता?

त्यांचा जीव जडला होता एका जुन्या सिनेमातल्या बर्फाच्या कारखान्याच्या मालकिणीवर. नायकाला बर्फाच्या कोठीत कोंडून ती बाहेर निवांत नखं घासत बसायची. आदळआपट नाही, थयथयाट नाही. एक भुवई वर गेली की अख्खा कारखाना गारठायचा! बाईंनी तो सिनेमा अकरा वेळा पाहिला होता. अकराही वेळा शेवटी नायक सुटला, आणि अकराही वेळा बाई हळहळल्या, "मी असते ना, तर कुलूप नीट लावलं असतं!"

आणि अचानक योग जुळून आला. वसाहतीच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम ठरला. सिनेमातली जी भूमिका आपल्याला मिळायला हवी होती असं वाटतं, ती प्रत्येकाने पाच मिनिटांत करून दाखवायची. बाईंनी पहिल्याच दिवशी नाव दिलं.

"कोणाची भूमिका करणार आहेस?" नवऱ्याने विचारलं. ते गणिताचे मास्तर. उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा चेहरा करून प्रश्न विचारायची त्यांना सवय होती.

"बर्फवाल्या मालकिणीची!"

मास्तर इतके हसले की चष्मा वर्तमानपत्रात पडला. "अगं, तू डास मारलास तरी त्याची माफी मागतेस! तू फार तर नायकाची मावशी. दारात उभी राहून 'जपून जा रे' म्हणणारी!"

"शनिवारी बघाच!" बाई म्हणाल्या. "सभागृहात थंडी वाजली नाही, तर नाव बदलेन!"

आता तालीम करायची कुठे? घरात मास्तर हसणार. गच्चीवर शेजारी डोकावणार. उरला दवाखाना.

गुरुवारी दुपारी संधी चालून आली. काउंटरवरची मुलगी रजेवर होती. चारच्या आधीचा शेवटचा पेशंट म्हणजे एक बस ड्रायव्हर. त्याची दाढ भरून झाली. त्याची बस मागच्या गल्लीत उभी होती, म्हणून बाईंनी त्याला मागच्याच दाराने सोडलं. भूल दिल्यामुळे त्याचा अर्धा चेहरा त्याचा राहिला नव्हता, तोंडात कापसाचा बोळा होता. एवढ्या गडबडीत तो आपली टोपी बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर विसरला.

चारपर्यंत कुणी येणार नव्हतं. बाईंनी आतलं दार लावलं. पेशंटच्या खुर्चीवर एक जादा एप्रन पसरला, वर प्लास्टरचा जबडा ठेवला. हा नायक! कारखान्याची घरघर हवी म्हणून दात कोरायचं यंत्र चालू केलं. भुवई वर चढवली. आणि सुरुवात केली!

इकडे बाहेर काय झालं? दोन पेशंट वेळेच्या आधीच येऊन बसले. एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची तडकलेली कवळी सकाळपासून आत दुरुस्तीला होती, त्यामुळे तोंड रिकामं. दुसरे व्यायामशाळेचे सर. एका हाताने साठ किलो उचलणारे, पण आज अक्कलदाढ काढायची म्हणून धीर गोळा करायला अर्धा तास आधी आलेले. सरांनी खुर्चीवरची टोपी पाहिली.

"आत कुणीतरी आहे वाटतं," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

तेवढ्यात दारापलीकडून यंत्राच्या घरघरीवर चढलेला आवाज आला. "ओरड! पोटभर ओरड! मला घाई नाही!"

सरांचा चेहरा खडूसारखा झाला.

"एकेक करून उपटून काढीन! मुळासकट!"

सिनेमात हे नायकाच्या साथीदारांबद्दल होतं. पण साथीदारांचा उल्लेख मालकीण हळू आवाजात करते, त्यामुळे तो दाराच्या आतच राहिला.

"आणि मला भूल घालतोस? माझ्याकडे भूल चालत नाही!"

"भू... भूल नाही?" सरांनी दोन्ही हातांनी गाल धरला. त्यांनी जवळची जागा शोधली आणि भिंतीला स्क्रूने पक्क्या केलेल्या बाकाखाली सूर मारला. डोकं गेलं, एक खांदा गेला. दुसरा खांदा मात्र बारा वर्षांच्या व्यायामाने घडवलेला होता, तो अडकला. आता सर पुढेही जाईनात आणि मागेही येईनात!

मुख्याध्यापिकाबाईंनी छत्तीस वर्षं शाळा चालवलेली. त्या कसल्या घाबरतात! त्यांनी पर्समधून फोन काढला आणि मदतीचा नंबर फिरवला.

"लवकर या! इथे एका माणहाचे हात उपटताहेत!"

बिचाऱ्या 'दात'च म्हणत होत्या. पण दाताशिवाय 'दात' म्हणून बघा म्हणजे कळेल!

"हात?" पलीकडचा माणूस किंचाळला. "किती हात?"

"एकेक करून! मुळाहकट!"

"मशीनमध्ये अडकलेत का?"

"मशीन चालूच आहे!"

सात मिनिटांत अग्निशमन दलाची गाडी दारात! जाड मिशांचे साहेब, मागे चार जवान, हातात लोखंड कापायची कात्री, स्ट्रेचर, दोर. त्यांच्यामागे रस्त्यावरची निम्मी माणसं. साहेबांनी आत पाऊल टाकलं, तो बाकाखालून दोन मजबूत पाय बाहेर आलेले दिसले.

"हात कुठायत?" साहेब ओरडले.

"आत!" बाकाखालून आवाज आला.

"तुटले?"

"अडकले!"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बस ड्रायव्हर आला. टोपी न्यायला. गाल सुजलेला, ओठ एका बाजूला लोंबलेला, हनुवटीवर लाळेची रेघ. मुख्याध्यापिकाबाईंनी आधी टोपीकडे बोट दाखवलं, मग त्याच्याकडे. "हाच तो! हुटला बिचारा!"

जवानांनी त्याला धरून स्ट्रेचरवर आडवा केला.

"अं! अं अं! ओई!" ड्रायव्हर म्हणाला. म्हणजे टोपी.

"जिभेला पण लागलंय!" एक जवान म्हणाला. "दादा, हात वर करा बघू!"

ड्रायव्हरने भीतीने दोन्ही हात वर केले. "दोन्ही आहेत!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

आत बाईंची तालीम शेवटाला आली होती. टाळ्या ऐकून त्या क्षणभर हरखल्या. इतका जिवंत अभिनय, की टाळ्यासुद्धा ऐकू याव्यात! त्याच तोऱ्यात त्यांनी दार उघडलं. अंगात एप्रन, हातात नखं घासायची कानस, भुवई अजून वरच.

समोर पन्नास माणसं. सगळी एक पाऊल मागे सरली. अग्निशमनचे साहेबसुद्धा!

बावीस वर्षांत पहिल्यांदाच माणसं बाईंना घाबरली होती. पण त्यांचं लक्ष गेलं ते स्ट्रेचरवरच्या ड्रायव्हरकडे आणि बाकाखालच्या पायांकडे. भुवई खाली आली, पाठोपाठ खांदे, मग आवाज.

"अगंबाई! काय झालं हो?"

"तेच आम्ही विचारतोय," साहेब म्हणाले. "आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग कुणाला ओरडायला सांगत होता?"

बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खरं सांगावं तर हसं होणार, न सांगावं तर दवाखान्याला कुलूप लागणार. कान लाल झाले. शेवटी त्या पुटपुटल्या, "प्लास्टरच्या जबड्याला. मी... तालीम करत होते. शनिवारची."

कुणी हसलं नाही. साहेबांनी नोंदवही उघडली, पेन काढलं. "घटनेचं कारण?" असं स्वतःशीच म्हणत त्यांनी सावकाश लिहिलं, "अभिनय." मग मान वर करून हळूच विचारलं, "बर्फवाली मालकीण का हो?"

"तुम्ही ओळखलंत?"

"ओळखणार नाही? ते 'ओरड, पोटभर ओरड' म्हणजे... वा!" साहेबांनी टोपी काढली. "मला विचाराल तर मला तो घड्याळजी करायचा होता. एका सिनेमात आहे बघा, शेवटपर्यंत एकाच खुर्चीत बसलेला. कुणी हाक मारत नाही, कुठे धावत जायचं नाही. हातात भिंग आणि समोर बारीक चाकं. आहाहा!"

एवढ्यात मुख्याध्यापिकाबाई आत जाऊन स्वतःची कवळी शोधून, तोंडात बसवून आल्या. "मला शाळेच्या भिंतीवरून उडी मारून पळणारी ती मुलगी करायची होती," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "छत्तीस वर्षं गेटवर उभी राहून मी पळणारी पोरं पकडली. एकदा तरी पलीकडे उडी मारायला नको?"

"सर, तुम्हाला?" बाईंनी बाकापाशी वाकून विचारलं.

बाकाखालून अगदी कोवळा आवाज आला. "गाडी सुटताना फलाटावर हात हलवत रडणारी आई. पण कुणाला सांगू नका."

पन्नास माणसांनी मान्य केलं. मग जवानांनी बाकाचे पाय कापले आणि सरांना बाहेर काढलं. आणलेली कात्री वाया गेली नाही, म्हणून जवानांनाही बरं वाटलं. बाईंनी सगळ्यांची माफी मागितली. एकदा नाही, चारदा. सरांची अक्कलदाढ त्याच दुपारी निघाली, दुप्पट भूल देऊन.

शनिवारी सभागृह तुडुंब भरलं. बातमी गावभर झाली होती! बाईंनी मालकीण अशी काही केली, की पुढच्या रांगेतल्या दोघांनी पंखे बंद करायला सांगितलं. मास्तर हसायचे विसरले. पण पहिलं बक्षीस मिळालं ऐनवेळी नाव दिलेल्या सरांना. भरल्या छातीचा तो माणूस रुमाल हलवत "पोचल्यावर पत्र टाक रे" एवढंच म्हणाला, आणि मुख्याध्यापिकाबाईंपासून अग्निशमनच्या साहेबांपर्यंत सगळे हुंदके देऊन रडले. बाई स्वतः सर्वांत जास्त.

सोमवारी दवाखाना उघडायला मात्र त्या रेंगाळतच निघाल्या. एवढा बोभाटा झाल्यावर कोण येणार? पण बघतात तर जिन्यापर्यंत रांग! बाईंचे डोळे भरून आले. एप्रन चढवला, हात धुतले.

"या, पहिले कोण? काय होतंय?"

पहिला होता बस ड्रायव्हर. तोंड आता ठणठणीत. "मॅडम, दाढ एकदम मस्त! पण ती आतली खोली पाच मिनिटं मिळेल का? मला राजा करायचाय. मागे ऐसपैस बसणारा. गाडी दुसरा चालवतो!"

"आणि तुम्ही?"

"मला चोर!" मागची बाई म्हणाली. "ते घरघरणारं मशीन चालू ठेवाल ना?"

"अहो, कुणाचा दात दुखतोय का?" बाईंनी रांगेला विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाचाही दुखत नव्हता. सहाव्या नंबरवर तर साक्षात मास्तर उभे होते, शाळेतून अर्धी रजा टाकून. बायकोकडे न बघता ते छताकडे बघत होते.

बाईंनी कमरेवर हात ठेवले. भुवई उचलून बघितली, कुणीही हललं नाही. मग त्यांनी एक सुस्कारा टाकला, हातमोजे काढून खिशात ठेवले आणि गुपचूप रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

स्वतःच्याच दवाखान्यात डॉक्टरीणबाईंचा नंबर सातवा होता.