सभासद क्रमांक एक

मित्राच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं निवृत्त ग्रंथपाल सगळ्यांना सांगत. खरं तर ते त्यांनी अकरा महिने कसोशीनं टाळलं होतं. मित्रानं जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांचे खिळे जुळवले. म्हातारपणी स्वतःचं एक पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखितासोबत दोनच ओळी पाठवल्या : ‘छापण्याजोगं आहे का? नसेल तर तिकडेच रद्दीत घाल, परत पाठवू नकोस.’

ग्रंथपालांनी ते चार वेळा वाचलं. आवडलं. पण आपल्याला आवडलं म्हणजे चांगलंच असेल कशावरून? उत्तराचे बावीस मसुदे फाडल्यावर त्यांना तोड सुचली. वाचनालयाच्या चाळीस सभासदांना ते घरबसल्या, थेट वाचून दाखवायचं. मित्रही ऐकेल. लोक काय ते ठरवतील, आपण नामानिराळे.

सून त्याच कामातली. मोठा सर्व्हर न घेता बघणाऱ्यांच्याच यंत्रांमधून थेट चित्र पुढे पोचवायचं आणि ते अडखळू द्यायचं नाही, यावर तिचं पोट होतं. तिनं समजावलं, की पहिल्याला मिळालेला तुकडा तो पुढच्यांना देतो, ते त्यांच्या पुढच्यांना. तेव्हा ज्यांचं इंटरनेट दणकट आणि जे जागचे हलणार नाहीत, ती माणसं वर हवीत. बाबा सगळ्यांना ओळखतात, तर यादी त्यांनीच करावी.

यादी म्हटल्यावर ग्रंथपालांना हुरूप आला. पण माणसांना इंटरनेटच्या वेगावरून वर-खाली बसवायचं? असलं पाप त्यांच्या हातून कधी घडलं नव्हतं. त्यांनी सभासद क्रमांकानुसार यादी केली. पहिले, घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. वय अठ्ठ्याऐंशी, आणि फोनही त्यांना शोभेलसा. दुसरे, माजी मुख्याध्यापक. त्यांच्या घरात रेंज फक्त जिन्याच्या चौथ्या पायरीवर. मित्र सभासद नव्हताच, म्हणून पाहुणा, सगळ्यात खाली.

रविवारी दुपारी ग्रंथपालांनी लाजेपोटी खोलीला आतून कडी घातली आणि कागदावरून नजर न उचलता वाचायला घेतलं. दहाव्या मिनिटाला घड्याळवाल्यांना चहा आला. वापरात नसलेली वस्तू बंद ठेवायची, ही त्यांची शिस्त. त्यांनी फोन बंद केला. त्यांच्या खालची सगळी फौज मुख्याध्यापकांवर येऊन पडली. तेवढ्यात त्यांचे गुडघे आखडले आणि ते पायरीवरून उठले. सून बाहेरून दार बडवत होती. ग्रंथपालांना वाटलं, शेजारी खिळा ठोकताहेत. पाऊण तास ते रंगात येऊन समोरच्या भिंतीला वाचून दाखवत राहिले.

दार उघडलं तेव्हा सुनेनं फोन पुढे केला. पलीकडे मित्र होता.

“चित्र थांबलं, पण बघणाऱ्यांचा आकडा दिसत होता,” तो शांतपणे म्हणाला. “एक्केचाळीस. मग सव्वीस. मग नऊ. कळलं मला. रद्दीत दे ते.”

“अरे, ते घड्याळवाल्यांचा चहा...”

“सांभाळून घेऊ नकोस. जन्मभर तेच करत आलास.” त्यानं फोन ठेवला.

सुनेनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. अर्ध्या तासात नवी यादी लावून देते म्हणाली, आणि थांबली.

“पण बाबा, त्यांनी चाळीस जणांना कुठे विचारलं होतं?”

ग्रंथपाल टेबलाशी बसले आणि एका बैठकीत लिहून मोकळे झाले. माणसं तुझ्या पुस्तकाला कंटाळून उठली नाहीत, माझ्या यादीनं पडली. पुस्तक चार वेळा वाचलं. तिसरं प्रकरण लांबलंय. बाकी छाप. रद्दीत घालणार नाही, तू सांगितलंस तरी.

पत्र पेटीत पडलं मात्र, त्यांना वाटलं, तिसऱ्या प्रकरणाचं वाक्य जरा कडकच झालं. ते तिथेच उभे राहिले. तासाभरानं पोस्टमन आला, तेव्हा त्यांनी चाचरत पत्र परत मागितलं.

“आता ते तुमचं नाही, आजोबा,” पोस्टमन म्हणाला. “ज्याचं नाव वर आहे, त्याचं.”

“बरं झालं,” ग्रंथपाल म्हणाले, आणि त्याला पिशवीचं तोंड बांधायला मदत करू लागले.