प्रभारी विजयकर आणि अकरावा रकाना

प्राध्यापक शशिकांत विजयकर हे दादरच्या एका महाविद्यालयाचे गेली चार वर्षं प्रभारी प्राचार्य होते. खुर्ची प्राचार्यांची, सही प्राचार्यांची, पालकांच्या शिव्याही प्राचार्यांच्याच; फक्त दारावरच्या पाटीवर तेवढा 'प्रभारी' हा शब्द होता. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि त्याआधी तो शब्द निघावा, एवढीच त्यांची इच्छा होती. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला आपल्यामागे काय लिहिलेलं राहणार, याची जरा जास्तच काळजी असते.

नेमणूक कायम करण्यासाठी संस्थेने एक फॉर्म पाठवला. त्यातला अकरावा रकाना असा होता : 'कोणत्याही राजकीय पक्षाशी, संघटनेशी अथवा विचाराशी संबंध असल्यास तपशील द्यावा.'

विजयकर सरांनी तपशील दिला. डिलाईल रोडच्या एका चाळीत श्रमिक समाजवादी मंचाची दहा बाय बाराची खोली आहे; तिथे आपण बावीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग घेतो; मंचाची स्थापना अमुक साली, पहिली फूट तमुक साली, विलीनीकरण त्याच्या पुढल्या साली, दुसरी फूट त्याच महिन्यात. रकान्यात मावेना तेव्हा त्यांनी पुरवणी जोडली. पुरवणीला चार तळटीपा दिल्या.

ऑफिसातल्या प्रितीने दोन दिवसांनी स्थळप्रत वाचली आणि कपाळावर हात मारला. "सर, हे काय केलंत? इथे 'लागू नाही' लिहायचं असतं. सगळे तेच लिहितात."

"पण ते खरं नाही, प्रिती."

"सर, फॉर्म आहे हो तो."

पण फॉर्म वर गेला होता. आठव्या दिवशी उत्तर आलं : 'सदर संघटनेशी आपला संबंध नसल्याबाबत सदर संघटनेचेच प्रमाणपत्र, लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह, पंधरा दिवसांत सादर करावे. अन्यथा आपण जे आहात तेच आहात असे समजण्यात येईल.'

गिरगावात घरी त्यांच्या पत्नी यशोदाबाई देवापुढे बसून फुलवाती वळत होत्या. गुरुवारचा उपास होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बावीस वर्षं न चुकता जाताय. अंगात ताप असताना गेलात. आपल्या लेकीच्या, क्षितिजाच्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा तासभर जाऊन आलात. हे व्रतच झालं. सोडायचं असेल तर रीतसर उद्यापन करा आणि मोकळे व्हा."

"सोडायचं नाहीये गं. मी ते कधी केलंच नाही, एवढं फक्त लिहून हवंय."

यशोदाबाईंच्या बोटांतली वात थांबली. "म्हणजे मी सोळा सोमवार करायचे, आणि मग गुरुजींकडून लिहून आणायचं की ह्या बाई सोळाही सोमवार पोटभर जेवत होत्या?"

सरांनी पिशवी उचलली. निघताना मात्र बाईंनी त्यांच्या पिशवीत शिऱ्याचा डबा ठेवला. "उद्यापनाचा समजा. नुसत्या कागदावर होत नाही ते."

मंचाचे सचिव रघुवीर हे एके काळचे गिरणी कामगार, आता शहात्तर वर्षांचे. त्यांनी सभासदांचं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, तीनदा वरून खाली बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सर, पेढे काढा! तुमचं नावच नाही इथे."

"नाही?"

"कुणी फॉर्मच भरून घेतला नाही. आम्हाला वाटलं, तुम्ही आहातच."

सरांना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी घरच्याच लग्नात पत्रिका नसल्याचं कळावं, तसं काहीतरी झालं. ते म्हणाले, "मग तसं लिहून द्या."

"असं कसं देऊ? आपली घटना आहे. एखादा माणूस सभासद नाही, हे ठरवायचा अधिकार कार्यकारिणीला. कलम नऊ. गणपूर्ती सात."

"आणि कार्यकारिणीत आहेत किती?"

"सहा. रमाकांत गेल्या फुटीत गेला ना."

"कुठे गेला?"

"खालच्या मजल्यावर. त्याचाही मंच आहे आता."

मग रघुवीर यांनी खणातून सभासदत्वाचा कोरा फॉर्म काढून सरांपुढे सरकवला. आपण सभासद नाही हा ठराव व्हावा म्हणून सर सहा वाजून दहा मिनिटांनी मंचाचे सभासद झाले आणि लगेच कार्यकारिणीवर स्वीकृत झाले. गणपूर्ती झाली. सभा सुरू झाली.

ठराव रघुवीर यांनी वाचला : 'प्रा. शशिकांत विजयकर यांचा मंचाशी कधीही, कोणत्याही प्रकारचा संबंध नव्हता.'

"ए, थांब रघुवीर," गुणवंतीबाई म्हणाल्या. वरळी कोळीवाड्यातल्या या बाईंचा मासळीचा धंदा. कार्यकारिणीत त्या एकट्याच अशा, ज्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जाई. "बावीस वर्षं हा मास्तर माझ्या बाजूला बसून चहा पितोय. मग तो कोण होता? भूत?"

"बाई, समजून घ्या. सरांची पाटी बदलायचीय."

"मग पाटी बदला ना. माणूस कशाला बदलता?"

चर्चा दीड तास चालली. 'कधीही' हा शब्द गाळावा अशी एक उपसूचना आली आणि पडली. मतं तीन विरुद्ध तीन झाली. सगळे सरांकडे बघू लागले.

"सर, हात वर करा," रघुवीर अजिजीने म्हणाले. "पाच मिनिटांत शिक्का मारतो."

सरांचा हात कोपरापर्यंत वर गेला. तेवढ्यात त्यांची नजर समोरच्या इतिवृत्ताच्या वहीवर पडली. सभेची वही हे इतिहासाचं अव्वल साधन, असं ते वर्गात तीस वर्षं सांगत आले होते. आणखी पन्नास वर्षांनी कुणीतरी संशोधक या खोलीत येईल, ही वही उघडेल आणि तिच्यावर विश्वास ठेवेल.

"ह्या वाक्याला पुरावा काय?" सरांनी विचारलं.

"पुरावा नाही म्हणून तर ठराव करतोय, सर!"

सरांनी विरोधात मत दिलं. ठराव तीन विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला. मंचाच्या परंपरेला अनुसरून पराभूत तिघांनी सभात्याग केला. शिरा मात्र त्यांनी आधी संपवला. जिन्यात उभ्या उभ्या नव्या मंचाची स्थापना झाली. खोलीत उरलेल्या चौघांनी विजयकर सरांना अध्यक्ष केलं. पण रीतसर निवडीला गणपूर्ती नसल्याने, कलम बारानुसार, 'प्रभारी अध्यक्ष'.

संस्थेचे कार्याध्यक्ष विक्रांत यांनी हे ऐकलं आणि ते मनापासून हळहळले. त्यांनी कपाटातून आपली फाईल काढली. तिच्यात चार पक्षांची चार प्रमाणपत्रं होती, लॅमिनेट केलेली. ज्या ज्या पक्षातून ते निवडणूक लढले होते, त्या त्या पक्षाने ते पक्षात नसल्याचं लिहून दिलं होतं.

"बघा सर, माणसाने स्वच्छ राहावं. हा घ्या नवा फॉर्म. अकराव्या रकान्यात दोन शब्द लिहा, उद्या पाटी बदलतो."

सरांनी पेन घेतलं आणि अकराव्या रकान्यात दोन शब्द लिहिले : 'प्रभारी अध्यक्ष.'

पाटी बदलली नाही. घरी यशोदाबाईंनी रिकामा डबा घासायला घेतला. "झालं का उद्यापन?"

"नाही. संकल्प झाला."

"मग पुढच्या गुरुवारी मोठा डबा देते," त्या म्हणाल्या.

आता मंचाला गणपूर्तीसाठी तीन माणसं कमी आहेत. सरांनी परवा सभासदत्वाचे फॉर्म घेऊन आपल्या इमारतीत घरोघर फेरी मारली. मोठी भली माणसं. चहा पाजल्याशिवाय कुणी सोडलं नाही. "सर, तुमच्यासारखे लोक आहेत म्हणून चाललंय हो," असं प्रत्येकाने सांगितलं. बत्तीसच्या बत्तीस फॉर्म भरून परत आले. अक्षरं निरनिराळी, शब्द प्रितीने सांगितलेले तेच दोन.

एक फॉर्म अजून कोरा आहे. तो सरांनी तुमच्यासाठी ठेवलाय. पेन नसेल तर ते देतील. काय लिहायचं, ते तुम्हाला पाठच आहे.