मेल्यावर चालणारा फोटो

श्रीपती जालन्यात विमा कचेरीत अधिकारी होता आणि हल्ली त्याला ज्ञानदानाची खोड लागली होती. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश होता. कुणीही यावं, लिहावं, आणि कुणीही येऊन ते खोडावं, असा तिथला कारभार. श्रीपतीने आधी आपल्या हसनाबाद गावावर लेख लिहिला. मग गावच्या काकासाहेब पहिलवानांवर लिहिला आणि वर त्यांचा फोटो चढवला. फोटो ऐन जवानीतला. लंगोट, खांद्यावर गदा, आणि मांड्या अशा की चौकटीत मावेनात.

दुसऱ्याच दिवशी लेखाखाली चौकशी आली. ज्ञानकोशात नियम सांभाळणारे काही स्वयंसेवक असत. त्यांतल्या एकाने स्वतःचं नाव 'अचूक' ठेवलं होतं.

"हे छायाचित्र कुणी काढले? त्यांची परवानगी कुठे आहे?" अचूकने विचारलं होतं.

"राजूरचा एक स्टुडिओवाला होता, त्याने जत्रेत हौसेने काढलं," श्रीपतीने लिहिलं. "तो वारला. फोटो पहिलवानांच्या भिंतीवर आहे."

"भिंत त्यांची. फोटोचा हक्क काढणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. व्यक्ती हयात असल्यास नवा फोटो काढून द्यावा. अन्यथा हा लवकरच काढून टाकला जाईल."

यात अडचण कसली, असं म्हणून श्रीपती कॅमेरा घेऊन हसनाबादला गेला. अडचण ओट्यावरच बसली होती. काकासाहेब आता वाळून खारकेसारखे झाले होते. दात गेलेले, मांड्या धोतरात कुठेतरी हरवलेल्या. कॅमेरा बघताच त्यांनी उपरणं तोंडावर ओढलं.

"ह्यो म्हतारा कशाला दाखवतो जगाला? म्हतारे जगाकडं बी लई हायेत. पहिलवान दाखव!"

"काका, नियम आहे तसा."

"नियम गेला खड्ड्यात. चतुर्थीला समदं गाव राजूरला गणपतीला जाऊन राह्यलं. तिथं नेटवाल्याच्या दुकानात मी सगळ्यांना फोटो दाखवणार, असं बोलून बसलोय. त्या दिशी फोटो दिसला न्हाई त बघ. म्हतारा झालो तरी ढाक याद हाय मला."

ढाक हा डाव काय असतो, ते श्रीपतीने लहानपणी आखाड्याच्या कडेने पाहिलं होतं. तो मुकाट घरी आला आणि रविवारी दुपारी जेवून नियमावली वाचायला बसला. वाचता वाचता त्याला 'उचित वापर' नावाचं कलम सापडलं. व्यक्ती मृत असेल आणि नवा फोटो काढणं शक्यच नसेल, तर जुना फोटो लहान आकारात, ओळखीपुरता चालेल. खाली दोन गोल होते. एकापुढे 'हयात', दुसऱ्यापुढे 'मृत'.

त्याची बायको शरयू मागे बडीशेप चघळत उभी होती. "अहो, जिवंत माणसाला मारताय!"

"चतुर्थीपुरतं. झालं की परत उठवतो."

"तुम्हाला स्कूटरसुद्धा पहिल्या किकला उठवता येत नाही."

श्रीपतीने गोलावर टिचकी मारली. मृत्यूची तारीख मागितली, तेव्हा त्याने गेला गुरुवार टाकला. कारण विचारलं, तेव्हा काकासाहेबांना एखादा रोग चिकटवणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून 'वृद्धापकाळ' लिहिलं. थोड्याच वेळात अचूकचं उत्तर आलं. "छायाचित्र उचित वापराखाली ठेवण्यात आले आहे. भावपूर्ण श्रद्धांजली."

पुढचं काम जगाने केलं. कुणीतरी लेखातले सगळे 'आहेत' बदलून 'होते' करून टाकले. कुणी लिहिलं, 'कुस्तीक्षेत्रात मोठी पोकळी निर्माण झाली.' ते अचूकने खोडलं, कारण पोकळीला संदर्भ नव्हता. मग जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाने तो लेख फोटोसकट उचलला आणि 'हसनाबादचा वाघ हरपला' म्हणून छापून मोकळा झाला. परवानगीचा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही.

काकासाहेबांना मूलबाळ नव्हतं. पुतण्या बद्रीनाथ हाच मुलासारखा. तो सोलापूरला कारखान्यात होता आणि कचेरीतल्या कॉम्प्युटरवर चुलत्याचा लेख सगळ्यांना दाखवत असे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी लेख उघडला आणि त्यात चुलता मेलेला निघाला. गावाकडे फोन लावला, पण भारनियमनामुळे काकासाहेबांचा मोबाइल मेलेला होता. बद्रीनाथला वाटलं, घरात कुणी फोन उचलायच्या अवस्थेत नसेल. तो तसाच निघाला. वाटेत शहागडला उतरून त्याने गोदावरीच्या काठावर डोकं भादरलं, मिशी काढली, अंघोळ केली. जालन्याच्या स्टँडवर ते साप्ताहिक विकत घेतलं आणि चतुर्थीच्या सकाळी हसनाबादेत पोचला.

अंगणात काकासाहेब फेटा बांधत उभे होते. राजूरला जायची जीप दारात माणसांनी भरली होती.

"बद्र्या?" काकासाहेबांचा हात फेट्यावरच थांबला. "आरं, डोकं काय केलं? कोण गेलं?"

बद्रीनाथने चुलत्याला पायांपासून फेट्यापर्यंत न्याहाळलं. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही."

"मी कुठं गेल्तो? हितंच त हाय!"

बद्रीनाथने अंक पुढे केला. जीपमधली माणसं खाली उतरली. एकाने बातमी मोठ्याने वाचून दाखवली. काकासाहेबांची बायको साळूबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गुरुवारी मेले?" त्या म्हणाल्या. "गुरुवारी त दोन बार जेवले."

बद्रीनाथचा फोन आला तेव्हा श्रीपती दाढी करत होता. अर्धी दाढी तशीच ठेवून त्याने कॉम्प्युटर उघडला आणि 'मृत'चं 'हयात' केलं. क्षणात ते पुन्हा 'मृत' झालं.

"साप्ताहिकात मृत्यूची बातमी प्रसिद्ध झाली आहे," अचूकने लिहिलं. "हयातीला संदर्भ द्या."

"साप्ताहिकाने आपल्याच लेखावरून उतरवलंय!"

"तसे असल्याचा संदर्भ द्या."

"मी त्यांना ओळखतो. ते स्वतः सांगतील जिवंत आहे म्हणून!"

"व्यक्तीने स्वतःविषयी केलेल्या दाव्यांबाबत आपण सावध असतो. त्यांनी तो अंक हातात धरलेला नवा फोटो, काढणाऱ्याच्या परवानगीसह दिल्यास विचार करू. अंकातला जुना फोटो त्यात दिसू नये. आणि व्यक्ती हयात ठरल्यास जुना फोटो लेखातूनही तात्काळ जाईल."

श्रीपती अर्ध्या दाढीनिशी हसनाबादला पोचला, तेव्हा राजूरची जीप दारात रिकामीच उभी होती आणि अंगणात सतरंजी अंथरलेली होती. बातमी वाचून आसपासच्या गावांतून माणसं येतच होती. त्यांना दारातच समजावता समजावता बद्रीनाथचा घसा बसला होता. काकासाहेब वैतागून आत जाऊन पडले होते. श्रीपतीने तोंड उघडायच्या आत दारात काठी टेकत एक धिप्पाड म्हातारा आला आणि धाय मोकलून रडायला लागला.

हे कारभारी पहिलवान. जवानीत एका जत्रेत यांची आणि काकासाहेबांची कुस्ती बरोबरीत सुटली होती. काकासाहेब म्हणत, याची पाठ मातीला लागली होती. कारभारी म्हणत, बिलकुल न्हाई. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"साळूवैनी," कारभारी हुंदके देत म्हणाले, "आता काय लपवायचं? त्या दिशी माझी पाठ लागल्ती. मातीचा धुरळा उठल्ता, पंचाला दिसली न्हाई. पण लागल्ती!"

आतून खाट करकरली. काकासाहेब धोतर सावरत उंबऱ्यावर प्रकट झाले. "लागल्ती ना? मंग इतकी सालं मी काय बोंबलून राह्यलो?"

कारभारींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ते सतरंजीवर उताणे आडवे झाले. या खेपेला पाठ लागलेली सगळ्या गावाने पाहिली.

तोंडावर पाणी मारल्यावर ते शुद्धीवर आले. "मी जे बोललो," ते पहिलंच वाक्य बोलले, "ते समदं वापस."

"वापस बिलकुल न्हाई!" काकासाहेब खुशीत येऊन त्यांच्या शेजारी बसले. मग त्यांची नजर श्रीपतीवर गेली. "आन तू ये हिकडं, यमदूता."

श्रीपतीने कान पकडले आणि सगळं सांगितलं. "काका, आता असं आहे. जिवंत राहायचं असेल तर आत्ताचा फोटो द्यावा लागेल आणि तो जवानीतला जाईल. मेलेले राहिलात, तर जवानीतला राहतो."

काकासाहेबांनी अंकातल्या स्वतःच्या मांड्यांकडे बराच वेळ पाहिलं. "मेल्यापासून लोक खरं बोलून राह्यले," ते म्हणाले. "पेपरात नाव आलं. फोटो बी चांगला हाय. मंग मला जिवंत व्हायची अशी काय घाई हाय?"

"आन माझं काय?" साळूबाईंचा आवाज चढला. "सकाळपासून बाया यीऊन माझ्या बांगड्याकडं बघून राह्यल्या! ते काही न्हाई. श्रीपती, आण तो फोटोचा डबा. मीच काढते. तुझ्यापुढं हे छाती फुगवून बसतील आन दम कोंडून खरंच जातील."

श्रीपतीने बटण दाखवलं. काकासाहेब कुरकुरत अंक धरून बसले.

"जुन्या फोटोवर अंगठा ठेवा काका. त्याचा हक्क वेगळा आहे."

काकासाहेबांनी आपल्या जवानीवर स्वतःच अंगठा दाबला. ते पाहून कारभारी खुदकन हसले. मग काकासाहेबांनाही हसू आवरेना, आणि तेवढ्यात साळूबाईंनी बटण दाबलं. फोटोत दोन बोळकी तोंडं उघडी होती, आणि फोटो असा आला होता की बघणाऱ्यालाही हसू यावं.

"झकास!" श्रीपती म्हणाला. "काकू, आता फक्त तुमची परवानगी द्या. फोटो तुम्ही काढला, म्हणजे हक्क तुमचा. जगात कुणीही हा वापरू शकतो, असं तुम्ही म्हणायला पाहिजे."

"माझी परवानगी?"

"तुमचीच."

"ह्यांची न्हाई लागत?"

"त्यांना कुणी विचारतसुद्धा नाही."

साळूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. या घरात गाय विकली, रान बटाईने दिलं, दार बुजवून खिडकी केली, तेव्हा त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. "आन मी न्हाई म्हणलं त?"

"तर काका मेलेलेच राहतात."

"असं हाय व्हय!" साळूबाई कॅमेरा घेऊन ओट्यावर नीट मांडी घालून बसल्या. "मंग विचार करून सांगते."

"अगं, ह्यात विचार कसला? जल्दी हो म्हण ना!" काकासाहेब म्हणाले.

"आधी कारभारीभाऊजींना च्या टाका. बद्री बी उपाशी हाय. मला बी आणा, साखर कमी टाकून."

काकासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी जागचं हललं नाही. त्यांनी फेटा काढून खुंटीला लावला आणि ते चुलीकडे गेले. आत काहीतरी भांडं पडल्याचा आवाज झाला, मग आणखी एक.

"अगं, साखर कुठं ठिवल्ती?" आतून हाक आली.

साळूबाईंनी पदराने कॅमेऱ्याची काच पुसली. त्यांचा विचार चालू होता.